पार्किंग नंबर सात

लुंकडनं किल्ली फिरवली तेव्हा दार आधी नाही म्हणालं.
"ओल धरतं," म्हणाला, आणि खांदा लावला.
हॉल. हॉलमधूनच दिसणारं स्वयंपाकघर. बेडरूम,
पलंग ठेवला की कपाट अर्धंच उघडेल अशी.
नवी पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
सतरा हजार. डिपॉझिट साठ.
पाणी सकाळी सहा ते साडेसात.
"आणि पार्किंग आहे हां, कव्हर्ड. सात नंबर.
गाडी कुठली तुमची?"

"मी चालते."
तो हसला. पुण्यात असं म्हटलं
की लोकांना वाटतं गाडी गॅरेजला टाकलीय.

याआधी चार घरं पाहिली.
पहिल्या घरी भाड्याच्या आधी आडनाव.
साळवे म्हटल्यावर बाई आत गेल्या;
आतून कुजबुज आली, पाणी नाही आलं.
दुसरा फ्लॅट कालच गेला होता.
(बोर्ड अजून आहे. मी रोज बघते.)
तिसरीकडे विचारलं, "एकट्याच?"
बावन्न वर्षांच्या बाईला.
चौथं बरं होतं, पण दोन बसचं.
पाय नाही म्हणाले.

इथले मालक गानूकाका. ऐकू कमी येतं.
आडनाव त्यांनी दोनदा विचारलं,
दोनदा चुकीचं ऐकलं,
मी दोनदा दुरुस्त केलं,
मोठ्यानं, जिन्यात ऐकू जाईल इतकं.
"साळवे होय," म्हणाले. "बरं. नळ गळतो, सांगून ठेवतो."

करार करायला एक मुलगा आला,
लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन.
अकरा महिने.
अख्खं वर्ष कोणी कोणाला देत नाही.
अंगठा ठेवा. लाल दिवा.
पुसून ठेवा. लाल.
दुसरा. लाल.
"काकू, रेषाच नाहीत तुम्हाला."
असतील कशा?
एकतीस वर्षं अप्पा बळवंत चौकामागे
खळ लावतेय, फर्मे दुमडतेय,
गाइडं, दिवाळी अंक, वकिलांची जाडी रजिस्टरं.
शेवटी करंगळी चालली.
हिरवा.
देवानं डोंगर उचलला होता म्हणे एवढ्यावर.
माझं वन बीएचके आहे.

आता घर ते काम दोन हजार सहाशे चाळीस पावलं.
गांजवे चौकात वडे तळणाऱ्याचा धूर,
अलका चौकात पायी माणसाला सिग्नल देतो बारा सेकंद,
त्यातले पाच बस खाते.
केळकर रोडला फुटपाथवर एक बुलेट उभी असते,
तिला वळसा, चार पावलं जास्त, तीही मोजलीत.
येताना मेथी, अर्धा लिटर दूध,
आणि रमणबागेपाशी थोडं उगाच थांबणं.
धायरीत भावाकडे होते तेव्हा
माझी गादी दिवसा त्यांच्या पलंगाखाली असायची.
संध्याकाळी लवकर पोचून
करायचं काय?

इथे गादी दिवसभर पसरलेली असते. मुद्दाम.

रविवारी खाली गेले सात नंबर बघायला.
दोन खांबांच्या मधली पिवळी चौकट,
मध्ये कोणाच्या तरी जुन्या गाडीचा ऑइलचा डाग.
सोडा टाकून घासला. निघाला नाही, फिकटला.
मग वरून खुर्ची आणली.
वारा येतो तिथे, गेटातून रस्ता दिसतो,
पलीकडच्या बाकावर अभ्यासाची पोरं,
चहाचा एक कप चौघांत.

पहिल्या मजल्यावरचा सौमित्र आला, हेल्मेट काखेत.
"काकू, तुमची जागा रिकामीच असते ना?
माझी बाइक लावू का?"

मी खुर्चीतच होते.
चपला काढून, पाय लांब करून,
पिवळ्या रेषेच्या जरा आत.

"रिकामी नाहीये," म्हटलं.

त्यानं इकडं तिकडं पाहिलं,
खुर्चीकडे पाहिलं,
पायांकडे पाहिलं,
आणि खरं सांगते,
बाइक ढकलत गेला बाहेर,
रस्त्यावर लावायला.