ब्याऐंशी अंश

हैमाच्या पुढे जिथे डांबर संपतं
आणि जिद्दतचा सपाट, पांढरा माळ सुरू होतो,
तिथे गाडी उभी आहे, बॉनेट वर करून,
दात दाखवायला आणलेल्या उंटिणीसारखी.
एक्क्याण्णवचं मॉडेल. रंग पूर्वी वाळूचा होता.
आता नुसती वाळू आहे.

मे संपत आलाय.
पुढच्या आठवड्यापासून दुपारी अठ्ठेचाळीस, पन्नास,
मागे हजार लिटरची टाकी
आणि चाळीस मैलांवर बावीस जनावरं.
काटा लाल रेघेकडे सरकला की वडील म्हणतात,
थांब. तोंड वाऱ्याकडे कर.
लहान होते तेव्हापासून आम्ही असे
वाऱ्याकडे तोंड करून थांबत आलोय.
यंदा म्हटलं, बघू तरी.

आधी जाळी. पाण्याची नळी आतून धरली, इंजिनाकडून बाहेर,
घाण आली त्याच वाटेनं परत जावी म्हणून.
टोळ निघाले. घाफची पानं. उंटाचे केस.
एक फुलपाखरू, पंख शाबूत.
जोर करायचा नाही; पाती नखानंसुद्धा वाकतात.

मग खालचा नळ सोडला.
गंजाचं पाणी, तळाला चुन्याचे पापुद्रे.
विहिरीचं खारं पाजत आलो तिला इतकी वर्षं,
तिनं ते सगळं जपून ठेवलेलं.
चार वेळा धुतली, तेव्हा कुठे नितळ आलं.

खालचा होज दाबून पाहिला: भिजल्या खारकेसारखा मऊ.
त्याच्या गळ्याला भावानं, सुहैलनं, कुंपणाची तार आवळलेली.
तार ठेवून दिली मी डॅशबोर्डच्या कप्प्यात.
तो आता मस्कतला एसीत बसतो.

फॅनला हातानं टिचकी मारली, तर गरगर फिरतच राहिला.
फिरायला नको होता. अडखळायला हवा होता.
क्लचमधलं तेल केव्हाच संपलेलं,
निझव्याहून दोन चिमुकल्या बाटल्या आणल्या,
मधासारखं तेल, थेंब पडायला वेळ घेतं,
आणि मी तेवढा वेळ दिला.

शेवटी थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं.
आत काही नव्हतं.

वडील सावलीतून म्हणाले, मीच काढला.
चौऱ्याण्णवात. सगळेच काढायचे.
गरम मुलखात त्याचं काय काम?

मी बोलले नाही. त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेले.
रुवैदा आत्याचं हलव्याचं पातेलं, हलव्याचाच थर्मामीटर,
आणि नवा थर्मोस्टॅट, दोऱ्यानं टांगलेला पाण्यात.
साठ. काही नाही. सत्तर. काही नाही.
वडील तोंड फिरवून निघणार, तेवढ्यात ब्याऐंशीला
वरची चकती हलली,
आणि ती उघडत गेली तशी खालची चकती उतरत गेली.
बघा, म्हटलं, ही खालची.
इंजिनात एक आडवाट आहे, ती ही बुजवते.
ही नसली की तापलेलं पाणी
रेडिएटरचं तोंडही न बघता घरी परततं,
होतं तसंच, तापलेलं.

वडील बराच वेळ पातेल्यात बघत राहिले.
मग म्हणाले, हे भांडं आत्याला देण्याआधी
नीट घास.

हिरवं कूलंट भरलं, सावकाश.
आत अडकलेली हवा काढायला हीटर पूर्ण सोडावा लागतो.
या गाडीला हीटर आहे हे मला आजच कळलं.
सत्तेचाळीस अंशांत, काचा खाली करून,
पायांवर भट्टीचा वारा घेत
आम्ही दोघं बसलो, बुडबुडे थांबेपर्यंत.
वडिलांच्या दाढीतून घाम टपकत होता.
उतरले मात्र नाहीत.

काल पाणी घेऊन निघाले. काटा अर्ध्यावर,
जणू कुणी तिथे खिळा ठोकलाय.
तिसाव्या मैलावर, नेहमीच्या बाभळीपाशी,
वडील म्हणाले, थांब.
काट्याकडे बोट दाखवलं मी.
दिसतंय, म्हणाले. थांब तरी.

तोंड वाऱ्याकडे केलं.
इंजिन चालूच ठेवलं.
त्यांनी कॉफीचा थर्मास काढला.