दाढीवालं फूल

आलं समजून मी ते चहात ठेचणारच होते.
"थांब," हे म्हणाले, "फूल आहे ते. दाढीवालं."
जहाजावरच्या दिरानं कुठल्याशा थंड मुलखातून
लोकरी मोज्यात गुंडाळून आणलेला गड्डा.

जुलैत निम्मा कुजला.
उरलेला राखेत घोळवला,
चार चिऱ्यांवर मासळीचा फुटका क्रेट,
क्रेटात रेती, रेतीत तो,
डुंबणाऱ्या म्हशीसारखी पाठ उघडी ठेवून.
पाती आली, सुरमईच्या सुऱ्यांसारखी ताठ.
दोन वर्षं नुसती पातीच.

"त्याला हिवाळा हवा."
हर्णैत कुठला हिवाळा?
तेव्हापासून बर्फाच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
हे जेवणाच्या डब्यात चुरा आणू लागले.
अजानच्या आधी, अंधारात, मुळाशी मूठ मूठ.
बंदरावर हसले सगळे:
बांगड्याला बर्फ पुरेना, आणि शमशुद्दीन होडेकर
कांद्याला थंडी भरवतोय!
मीही हसले. दीड महिना.

शाबानात दांडा निघाला, माझ्या कमरेएवढा.
आज उघडलं.
तीन पाकळ्या वर, पिकल्या पपईच्या गराच्या,
तीन खाली लोंबत्या, वांग्याच्या सालीच्या रंगाच्या,
आणि त्यांच्या जिभेवर खरंच की दाढी!
मेंदी लावलेली. सासऱ्यांची असायची तशी.

हे आत घोरतायत. पहाटेच झोपलेत.
उठवू?
ऊन कठड्यावरून उतरायला लागलंय.
पोटमाळ्यावरची पावसाळी छत्री काढून
मी उभी आहे फुलावर धरून,
आत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या
कोण जाणे.