पेटी एक्केचाळीस

जून संपत आला तरी तळ्यावरचा बर्फ
कडेकडेने नुसता काळा पडलाय.
किल्पिस्यार्वीत या दिवसांत रात्र होत नाही;
सूर्य टेकडीला वळसा घालतो, बुडत नाही
आणि तापवतही नाही.

मी इर्या. भूर्जांच्या रानातल्या साठ लाकडी पेट्या माझ्याकडे.
शिडी, वही, तागडी
आणि केसाएवढ्या तारेचा तापमापक,
पिलाच्या काखेत अलगद धरायचा,
दहापर्यंत मोजत.

माशीमाराचं पिलू जन्मतं तेव्हा दीड ग्रॅम.
पीस नाही, डोळे मिटलेले,
पोटातलं सगळं कातडीतून दिसतं.
शाळेत बाई सांगत, पक्षी उष्ण रक्ताचे.
या दीड ग्रॅमला ते कुणी सांगितलेलं नसतं.
हवा सहा अंश, तर तेही सहाकडे निघतं,
बशीत ओतलेल्या कॉफीसारखं.

म्हणून आई बसते. तिच्या पोटावरची पिसं झडलेली,
नेमकी बोटभर जागा, लाल,
रक्त अगदी कातडीशी आणून ठेवलेलं.
ऊब म्हणतात तिला माझ्या वहीत एक रकाना आहे:
एकोणचाळीस पूर्णांक एक.

ती अळ्या आणायला उठली की
सहाजण एकमेकांवर चढतात.
मधला गरम, कडेचा गार; मग कडेचा
आंधळेपणी ढकलत मध्ये घुसतो.
याला माया म्हणवत नाही मला, भांडणही म्हणवत नाही.
सहा उघडी अंगं मिळून एक बरं अंग होतं.

प्रोफेसर पोह्याकल्लिओंचा नियम:
मोजायला लागेल तेवढाच हात.

चोवीस तारखेला बर्फ भुरभुरला.
केंद्राच्या खिडकीखाली एक मादी पडलेली,
मान मुरगळून. पायात मीच घातलेलं कडं.
वही उलटली. एक्केचाळीस.
पिलं पाच दिवसांची.

शिडी चढले तर भोकाशी नर, चोचीत कोळी.
नर भरवतो, उबवत नाही;
त्याच्या पोटावरची पिसं शाबूत.
आत चोच उघडायला कुणी नव्हतं.
तार लावली. अकरा. अकरा. बारा. नऊ.
पुढची दोन मोजलीच नाहीत.
लिहिलं: मृत, सहा.

मग सहाही उचलून ओंजळीत घेतली.
का, ते आजही सांगता येत नाही.
मेलेल्यांना नियम लागू नाही,
असं काहीतरी स्वतःला बजावलं असेल.
जॅकेटची चेन उघडून ओंजळ आत,
शिडीच्या चौथ्या पायरीवर, पाय बधिर होईपर्यंत.

वीसेक मिनिटांनी तळहाताला काही लागलं,
टाका उसवावा एवढं.
एक मान वर झाली, डुगडुगली,
आणि चोच उघडली, नारिंगी,
अख्ख्या पिलाहून मोठी.
माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

चार उठली. दोन नाही.

शाईतलं खोडता येईना. "मृत"पुढे चांदणी काढली,
खाली लिहिलं: निरीक्षकाच्या तळहाताचं तापमान, चौतीस.
प्रोफेसरांनी संध्याकाळी वाचलं, चष्मा पुसला.
ही पेटी आता आलेखात धरता येणार नाही, म्हणाले.
नका धरू, म्हटलं.

त्यानंतर लोकरीचा मोजा, आत गरम पाण्याची बाटली,
दर दोन तासांनी. स्वयंपाकघरातली उल्पू
काही न विचारता भरून द्यायची.
कोळी, माश्या, अळ्या: ते नराने पाहिलं.

नवव्या दिवशी एकाला काढून तागडीवर ठेवलं,
एकटं, सहा अंशांत.
छातीचे स्नायू थरथरत होते, बारीक, न थांबता,
शेजारच्या घरात फ्रीज चालू असावा तसे.
माणूस कुडकुडतो तेव्हा हरत चाललेला दिसतो.
इथे चूल पेटली होती.
अडतीस. दहा मिनिटांनी अडतीस.
पंधरा मिनिटांनी सदतीस पूर्णांक नऊ.

परत ठेवताना त्याने बोट चावलं. जोर नव्हता फारसा.
बाटली शेवाळावर ओतली;
पाणी अजून कोमट होतं, जराशी वाफ आली.
हातमोजे त्या दिवशीही खालीच विसरले होते.