मागच्या पानावरून

बीजगणिताची वही मी शेवटून सुरू केली,
सरांना दिसू नये म्हणून.
पहिली नोंद: पोसव्वा, पाच रुपये.

त्याआधी टॉवेलच्या दशांना गाठी मारून पाहिल्या.
डझनाला दोन रुपये,
आणि आठवड्यात पेरांवर निळी रेघ,
पेपर लिहिताना शाईची वाटावी अशी.
रेवणसिद्ध म्हणाला, काय बे, चटणी विक माझ्यासंगं,
शेंगा चटणीला होटगी रोडवर कुणी नाही म्हणत नाही.
म्हणतात.
कुत्री तर फाटकातूनच म्हणतात.
तो तरी विकतो. त्याच्या इतिहासाच्या पुस्तकाला
शिवकालापासून लसणाचा वास.
इलियास गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याखाली चपला राखतो
पंधरा दिवस,
उरलेलं वर्ष त्या पंधरा दिवसांबद्दल बोलतो.

मला वाचता येतं. आणि गुणाकार.

आमच्या गल्लीत पस्तीस बाया विड्या वळतात.
ओल्या गोणपाटात पानं, मांडीवर सूप,
खिळ्याला टांगलेलं कार्ड.
कार्ड मराठीत, बाया तेलुगूत.
मधे ब्रँचचा कारकून, दोन्ही भाषांत घाईत.

पोसव्वा कार्ड घेऊन आली, पदराला तंबाखूचा खकाणा.
एंत? म्हणाली.
एंत म्हणजे किती.
आमच्याकडे हा शब्द नावापेक्षा जास्त वेळा घेतात.
मी वाचलं: नऊशे चाळीस.
हजार नेलेल्या, ती म्हणाली.
साठ छाटल्या, मी म्हणाले, रोजच साठ.

दुसऱ्या दिवशी राजव्वा. मग भूलक्ष्मी,
जी लग्न होऊन आली आणि चार महिने झाले शिकतेय,
जिची विडी मधेच पोटुशी दिसते.
पोसव्वाची बोटं चाळीस वर्षांची.
दोघींची छाट साठ.
पस्तीस कार्डं वाचली. पस्तीस जणींची साठ.
साठ गुणिले सव्वीस, पंधराशे साठ.
म्हणजे महिन्याला दीड दिवसाहून जास्त
बाई कुणासाठी तरी वळते, आणि तो कुणी
त्या विड्या फेकत नाही.

आईचं कार्ड मी शेवटी काढलं.
तिनं एंत विचारलं नाही.
पानं कात्रीनं कापत राहिली, चौकोन, चौकोन,
मग म्हणाली, ठाऊक आहे.
बावीस वर्षं ठाऊक आहे. खाली ठेव.

बाया गेल्या ब्रँचला, उन्हातून, छत्र्या धरून.
कारकुनानं विचारलं, हे कुणी शिकवलं?
कुणीच नाव घेतलं नाही,
पण तो रविवारी आमच्या दारात, चहा घेऊन निवांत.
मुलगी हुशार आहे. दहावी झाली की पाठवा,
हिशेबाला बसेल. चार हजार.
आईनं माझ्याकडं पाहिलं.
चार हजार म्हणजे किती विड्या
हे तिनं मनात केलं, मला ओठांवरून दिसलं.
मीही करत होते.

तेव्हापासून छाट बदलली.
कुणाची सत्तावन्न, कुणाची चौसष्ट,
भूलक्ष्मीची एके दिवशी चक्क एकोणपन्नास.
माणूस शिकतो.
मी मंगळवारी रात्री, दिवे गेलेले,
मेणबत्तीच्या उजेडात महिन्याची सरासरी काढली.

साठ.

वहीत मागून चौदावं पान.
आता नुसतं वाचायचे पाच,
सरासरी हवी असेल तर दहा.
आईनं काल दोरा गुंडाळता गुंडाळता
दहाचं नाणं वहीवर ठेवलं
आणि कुठं बघायचं ते न सुचून
पंख्याकडं बघत बसली.