ब टीम

लाईट गेली की वडगावात आधी कान उघडतात.
बारा मागांची खटखट एका दमात बसते
आणि पलीकडच्या घरातला कुकर
दिवसात पहिल्यांदा ऐकू येतो.

मग इराप्पा तुटलेला धागा तसाच सोडून म्हणतो,
"त्या पोराचा डावा पाय खोटा हाय."

कुठलं पोर, ते कुणी विचारत नाही.
रविवारी ब टीम तीन-एकनं हरली
आणि आज गुरुवार, म्हणजे अजून हरतेच आहे.

अ टीमचं आम्ही बोलत नाही.
तिथं सगळं ठरलेलं: गोव्याहून कोण येणार,
जेवून किती घेणार, न जेवता किती.
बोलायचं ते ब टीमचं.
तिथं अजून कुणाचं काही झालेलं नसतं.

गोलीत रॉयस्टन. वय सोळा.
डिफेन्सवर कन्नडमधून ओरडतो, रेफ्रीवर मराठीतून,
आणि बॉल आत गेला की देवावर कोंकणीतून.
"उंची बघा की हो त्याची," नागेंद्र म्हणतो.
"उंची घेऊन काय करू? कॉर्नरला डोळे मिटतंय ते."

तौफिक पळतो, ह्यावर एकमत.
बॉल सोबत नेतो का, ह्यावर दोन तट,
आणि मधे बिस्तीमामा,
ज्यांना दोन्ही तटांचा चहा चालतो.

सातेरीवर मात्र आवाज चढतात.
कोल्हापूरला पाठवा. नको, बेंगळूरला.
तिकडं गेला तर म्हणणार कर्नाटकचा,
इकडं गेला तर म्हणणार मराठी.
"आधी डावा पाय तर जाऊ दे कुठंतरी,"
इराप्पा पुन्हा तिथंच.

मी दिवाणजी. सुताचा हिशेब माझ्याकडं.
वहीच्या मागच्या पानांवर अठ्ठ्याऐंशी सालापासून
दरवर्षीची ब टीम उतरून ठेवतो.
नावापुढं टिक, म्हणजे हा जाणार.
भरमा ढवळीपुढं दोन टिका आहेत.
तो गेला बेंगळूरला. लिफ्ट दुरुस्त करतो.
यात्रेला येतो, तेव्हा मैदानाच्या बाजूनं
गाडी जरा जोरात काढतो.
आणि ज्याच्यापुढं मी फुली मारली,
'दम नाही' असं लिहून खाली सहीसुद्धा केली,
तो तीन वर्षं राज्याकडून खेळला.
ते पान मी खळीनं चिकटवून टाकलंय.

हे सगळं चाललेलं असतं रत्नव्वासमोर.
ती कांड्या भरते. सातेरी तिचाच.
पण वाद तो वाद, त्यात आई बघायची नसते.
लाईट नसताना ती गुंता सोडवत बसते,
मान खाली, जणू आमचंच बोलणं उकलतेय.

आज मान वर न करताच म्हणाली,
"बूट नऊ नंबरचा. पाय सात.
अ टीममधल्या कुणाचा तरी जुना.
आत सूत कोंबून घालतंय.
त्या दिवशी डाव्यात कमी पडलं."

कुकरची शिट्टी झाली. कितवी कोण जाणे.

इराप्पानं हळूच विचारलं, "हिरवं?"
"हिरवं."
पंधरा दिवस मी दोनशे ग्रॅमची तूट शोधत होतो.
तराजू दोनदा बदलला,
बिस्तीमामांच्या पिशवीकडंही एकदा बघितलं,
ते आज इथं कशाला सांगू.

नागेंद्रनं तंबाखू मळायला घेतली आणि मळतच राहिला.
खरं तर आता वाद सोपा झाला होता,
एवढ्या ढिल्या बुटात पोरानं एक गोल केला होता.
पण कुणी तो वर काढला नाही.

लाईट आली.
बारा माग एकदम बोलायला लागले.
मी वही उघडली. पुढच्या पानावर
वेस्टेज, दोनशे ग्रॅम, हिरवं.
मागचं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं,
आणि सातेरीच्या नावापुढची जागा
तशीच ठेवली.

पलीकडून इराप्पा धागा जोडता जोडता
काहीतरी ओरडत होता माझ्याकडं बघून.
ऐकू कुठलं येणार.
ओठांवरून वाटलं, आठ नंबर म्हणतोय,
किंवा आठवड्याचा पगार.