लाभ

एक जूनला आमच्या गल्लीतल्या
निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो.
शाळेत मास्तर एकच होते, आणि त्यांना घाई होती.
आबांच्या आईला आठवायचं ते एवढंच,
की दादर कापून झाली होती
आणि त्या रात्री म्हैस अडली होती.
म्हणजे फाल्गुन.
पण कागद म्हणतो जून,
म्हणून त्रेचाळीस डिग्रीत, अमळनेरच्या मार्केट यार्डात,
लिलावाच्या रिकाम्या शेडमध्ये
दोन कूलर लावून आबांचा नव्वदावा.

आबांच्या आधीची तिन्ही पोरं गेली.
म्हणून चौथ्याला सुपात घातलं,
उकिरड्यावर नेऊन ठेवलं,
शेजारच्या ठगूबाईनं सव्वा पैशाला विकत घेतलं
आणि आईच्या ओटीत परत टाकलं.
नाव पडलं सुपडू.
मरण आलं, सुपात डोकावलं,
कोंडा समजून पुढच्या दाराला गेलं.
ते अजून परतलेलं नाही.

हा सुपडू मोठा होऊन मापारी झाला.
चव्वेचाळीस वर्षं मूग, दादर, भुईमुगाच्या शेंगा.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही,
म्हणायचं लाभ.
लाभ, दोन, तीन...
आम्हां नातवंडांना अंक असेच आले,
आणि पहिलीत बाईंनी
माझ्या पाटीवर फुली मारली.

केक आला. पाच किलोचा, असं हिलालकाका म्हणाला.
आबांनी पुठ्ठ्याखाली दोन्ही हात घातले,
जरा उचलला, डोळे मिटले.
"पावशेर कमी शे."
सगळे हसले. दुकानदाराचा पोरगा हसला नाही.

मग काकानं गोदामातून जुना तराजू काढवला,
गंज घासून, साखळ्यांना तेल देऊन, तुळईला टांगला.
आबांची गूळतुला करायची, अशी त्याची हौस.
आबा पारड्यासमोर उभे राहिले,
जसं कुणी आपल्याच दारात पाहुणा होऊन उभं राहावं.
"पह्यले धडा करा," म्हणाले.
रिकामी पारडी हलली, थांबली,
डावीकडे बोटभर खडे टाकावे लागले.

मग त्यांनी काठी सुनेकडे दिली.
चष्मा. पागोटं.
कानातलं यंत्रसुद्धा काढून दिलं,
त्यामुळे पुढचं आमचं कुणाचंच त्यांना ऐकू आलं नाही.
बंडीच्या खिशातून शेवटी निघाला आजीचा अडकित्ता,
पितळी, एक पातं झिजलेलं.
तो कुणाच्या हातात द्यावा, हे त्यांना ठरवता येईना.
"हाई मन्हा वजनमां धरू नका,"
असं म्हणून त्यांनी तो धाकट्या पणतीच्या
फ्रॉकच्या खिशात टाकला.

आबा बसले. दोन हमालांनी
समोरच्या पारड्यात पहिली ढेप ठेवली,
आणि म्हातारे हमाल, अडते, दिवाणजी,
खुर्च्यांवर पेंगत बसलेले सगळे
एकदम जागे होऊन ओरडले,
लाभ!
दोन.
तीन.
चार ढेपा, वर एक भेली.
एक्केचाळीस किलो.
लग्नात चार मणांचं पोतं पाठीवर घेऊन
पैज जिंकलेला माणूस.
आत्याबाई तोंडाला पदर लावून
कूलरच्या पाण्याकडे बघत राहिली.

काटा मधोमध उभा. सगळं चोख.
पण आबा उतरेनात.
हात पुढे करून गूळ मागितला.
हमालानं फुटक्या ढेपेचा खडा दिला.
आबांनी तो मुठीत तोलला,
आणि चव्वेचाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला
माप भरल्यावर टाकायचे तशी
वरची मूठ समोरच्या पारड्यात टाकली.

पारडं झुकलं.
आबा जमिनीपासून वर गेले,
वीतभर, फार नाही.
पाय लोंबकळत होते, एक चप्पल खाली पडली.

त्यांना खाली घ्यायचं कुणाला सुचलं नाही.
पणती खिशातल्या अडकित्त्याशी खेळत होती,
आणि फोटोवाला म्हणत होता,
थांबा, थांबा,
अजून एक.
आबांना ते ऐकू येत नव्हतं,
तरी ते ओठ हलवून म्हणाले,
एक नही रे.
लाभ.