बचनाग, पाचवी पातळी

क्राकूफच्या तिसऱ्या मजल्यावर मी बचनाग लावते.
माती लागत नाही. एका झाडाला बाराशे त्रिकोण,
पानाला पाच बोटं, फुलाला निळी टोपडी
आणि देठाशी एक न दिसणारा गोल.
खेळाडू त्यात शिरला की अक्षरं उमटतात:
‘खुडा’.

खुडायला एक सेकंद लागतो.
हात वाकतो, सुर्रकन आवाज, पिशवीत आकडा वाढतो.
तीन मिनिटांनी तेच झाड त्याच जागी पुन्हा.
दोन बचनाग, वटवाघळाचा एक दात, बोटभर चरबी,
तलवारीला फासा. बारा सेकंद
दर सेकंदाला चार प्राण कमी.
या चारसाठी आम्हाला दोन बैठका
आणि एक भांडण पुरलं.
बोगुमिल म्हणाला, चमकव जरा, नाहीतर दिसणार कुणाला?
म्हणून रात्री तो चमकतो.

खरा मी पाहिलाच नव्हता.

ऑगस्टमध्ये भाच्याला घेऊन तात्राच्या डोंगरात गेले.
कोस्मा. वय नऊ. अख्खा हिवाळा माझ्या खेळात काढलेला.
मेंढपाळाच्या झोपडीच्या वर, ओढ्याकाठी,
जिथवर चीजचा धूर येतो, तिथे तो उभा:
माझ्या खांद्याएवढा, खालची पानं किडीने खाल्लेली,
एका टोपडीत शिरलेला भुंगा,
ढुंगण तेवढं बाहेर.
हे मला सुचलं नव्हतं.

यॉन्टेक मेंढपाळ म्हणाला, मेंढ्या याच्या वाटेला जात नाहीत.
कालचं कोकरूसुद्धा. कोण शिकवतं, मला विचारू नका.
एकदा खालच्या गावातून आणलेली एक शेळी...
पुढचं न बोलता त्याने फळीवरचं चीज उलटं केलं.

वळून पाहते तर कोस्मा झाडासमोर.
हात पुढे, बोटं अर्धी मिटलेली,
मीच घडवलेलं ते वाकणं, हुबेहूब, खांद्यापासून.
त्याचं नाव माझ्या घशात अडकलं.
ओरडायलाही एक सेकंद लागतो.

त्याने हात मागे घेतला, खिशात घातला.
‘याला पाचवी पातळी लागते,’ म्हणाला,
‘मी अजून तिसरीत आहे.’
(शाळेतही तो तिसरीतच आहे.)

तरी मी त्याचे हात ओढ्यात धुतले, दोनदा,
बाह्या कोपरापर्यंत भिजवून.
अगं मावशी, शिवलोच नाही मी, शिवलोच नाही.
पाणी इतकं गार की माझीच बोटं बधिर झाली,
आणि विषाचंही पहिलं लक्षण हेच असतं
हे आठवून मी ती बराच वेळ चोळत बसले.

सोमवारी एक झाड जास्तीचं लावलं.
उत्तरेच्या घाटात, ओढ्याकाठी. न चमकणारं.
कितीही जवळ जा, अक्षरं उमटत नाहीत.

चाचणीवाल्यांनी तीनदा चूक नोंदवली:
‘खुडता येत नाही.’
बोगुमिलने विचारलं, विसरलीस का गं?
उत्तराच्या चौकटीत मी ‘नाही’ लिहिलं
आणि नोंद मिटवली.

भुंगा अजून आतच आहे.